बाराशे वर्षांची बंदी आणि एक वाडगा भात

इ. स. 675 मध्ये जपानच्या तेन्मू सम्राटाने फर्मान काढले : गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाऊ नये. बंदी वर्षाच्या चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंतची, म्हणजे साधारण भातशेतीच्या हंगामाची. बौद्ध अहिंसा त्यामागे होतीच, पण बैल-घोडे शेताला लागत, हेही होते. रानडुक्कर आणि हरीण, जे लोक खरोखर मारून खात, ते यादीत नव्हते! पुढे अशी फर्माने पुन्हा पुन्हा निघाली. याचा अर्थ लोक खात होते. एदो काळात रानडुकराचे मांस ‘डोंगरातला देवमासा’ या नावाने विकले जाई. नाव बदलले की पाप हलके होते, हा अनुभव फक्त जपानचा नाही.

मग 1872 च्या जानेवारीत जाहीर झाले की मेइजी सम्राट गोमांस खातात. ज्या सत्तेने मनाई केली तीच आता खा म्हणू लागली. पाश्चात्त्यांच्या तोडीचे सैन्य हवे होते, त्यांच्यासारखी शरीरे हवी होती. फुकुझावा युकिचीसारख्या विचारवंताने 1870 मध्येच मांसाहाराची वकिली केली होती. गोमांसाच्या रश्श्याची दुकाने तोक्योत सुधारणेची खूण ठरली. 1899 मध्ये निहोन्बाशीच्या मासळी बाजारात योशिनोया सुरू झाले. घाईतल्या माणसासाठी भातावर शिजवलेले गोमांस, म्हणजे ग्युदोन.

तोक्योत अशाच एका साध्या ग्युदोनच्या दुकानात आम्ही घरची चार माणसे जेवलो. अर्थात आम्ही भात आणि भाजलेला मासा घेतला. गोमांस समोर होते, पण हलाल नव्हते. ही गोष्ट सांगितल्यावर धाकटीने विचारले, “अब्बा, इथंपण बंदी होती?”

तिला ठाऊक असलेली बंदी 2015 ची. महाराष्ट्रात गोहत्या 1976 च्या कायद्यानेच बंद होती. बैल आणि वळू त्यात आणणारी दुरुस्ती 1995 मध्ये मंजूर झाली, तिला राष्ट्रपतींची संमती वीस वर्षांनी मिळाली. तेव्हा चर्चा झाली ती ताटाची. बाजारात म्हातारा बैल विकणाऱ्या शेतकऱ्याची आणि कुरेशी-खाटकाच्या सुरीची फारशी झाली नाही.

मला जपानच्या कथेत हीच बाजू जास्त महत्त्वाची वाटते. मेलेली गुरे उचलणारे, कातडी कमावणारे लोक तिथे ‘एता’ म्हणून गावाबाहेर ठेवले गेले. जातीव्यवस्था जाणणाऱ्याला अधिक सांगायला नको. 1871 च्या हुकुमाने ती ओळख कागदावरून पुसली, आणि पुढच्याच वर्षी सम्राटाच्या ताटात मांस आले. मांस प्रतिष्ठित झाले, ते कापणारा झाला नाही. तोक्योच्या शिबाउरा कत्तलखान्यात एक माहिती केंद्र आहे. तिथल्या कामगारांना शिव्या देणारी निनावी पत्रे त्या केंद्रात मांडून ठेवली आहेत. ती पत्रे एदो काळातली नाहीत, आपल्याच काळातली आहेत.