मातीवरून गादीवर

कोल्हापूरच्या तांबड्या मातींत कुस्तीचा निकाल एकाच गोष्टीनें लागे. प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकली कीं डाव संपला. गुणांची मोजदाद नाहीं, पंचांच्या मताला फारसा अवकाश नाहीं. ऑलिंपिकची कुस्ती निराळी. तेथें त्या काळीं मऊ गादी, घड्याळाचीं पंधरा मिनिटें, आणि कोणीच चीत न झाल्यास पंचांचा कौल असे. या दोन रीतींमधील अंतर एका मल्लास किती महाग पडलें, हें खाशाबा दादासाहेब जाधव यांच्या चरित्रांत दिसतें.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजीं कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं झाला. वडील स्वतः मल्ल होते व पांच भावांत हे धाकटे. देह लहानखुरा, परंतु मान काखेंत धरून प्रतिस्पर्ध्यास फेंकण्याचा 'ढाक' हा डाव त्यांच्या हातीं इतका बसला होता कीं, धिप्पाड गडीही सावध राहत. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्यानें ते लंडनला गेले. गादीची संवय नसतां, रीस गार्डनर यांच्या हाताखालीं अल्पकाळ शिकून, ते फ्लायवेट गटांत सहावे आले. तेवढ्या अवधींत हें थोडें नव्हे.

हेलसिंकीच्या १९५२ च्या सामन्यांसाठीं मात्र पैसा कोठून आणावा हाच प्रश्न होता. वर्गणी तर गोळा झालीच. पण राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. त्या काळीं ही रक्कम शिक्षकाच्या दृष्टीनें किती मोठी होती, हें वाचकांस सांगावयास नको.

या खेपेस वजनाचा गट वरचा, ५७ किलोंचा होता. कॅनडा, मेक्सिको व जर्मनी यांच्या मल्लांस हरवून खाशाबा अखेरच्या टप्प्यांत आले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं झालेली झुंज पुरी पंधरा मिनिटें चालली व खाशाबा गुणांवर हरले. त्यानंतर लागलीच सोव्हिएट रशियाच्या रशीद ममदबेयोव्ह यांच्याशीं लढण्यास त्यांना पाचारण झालें, असें सांगतात. दोन कुस्त्यांत निदान अर्धा तास विश्रांति द्यावी असा नियम होता. पण तो पुढें करावयास एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता. नियम मोडला गेला म्हणण्यापेक्षां तो कोणी मागितला नाहीं, असें म्हणणें अधिक न्याय्य होय. अर्थात् ममदबेयोव्ह कच्चा गडी नव्हता. विश्रांति मिळती तर निकाल फिरलाच असता, असें छातीठोकपणें कोणीं सांगूं नये. इशींना सुवर्ण, ममदबेयोव्ह यांना रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचें हें पहिलें वैयक्तिक पदक. दुसरें मिळण्यास १९९६ साल उजाडावें लागलें.

कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली, तींत १५१ बैलगाड्या होत्या. सत्कार ओसरल्यावर खाशाबांनीं कोल्हापुरांत कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतःही लढले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डीकरांचें घर सोडविलें. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर सोळा वर्षांनीं.