पोशाखांची घडी

चित्रपटातील नटनटींची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. पण त्यांचे पोशाख कोणी बेतले, हे क्वचितच ठाऊक असते. हे काम आयुष्यभर करणाऱ्या भानू अथय्या आपल्या कोल्हापूरच्या. जन्म १९२९ चा. 'आम्रपाली'साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याची चित्रे अभ्यासली. 'लगान'साठी (२००१) १८९३ च्या दुष्काळी खेड्यातील माणसे सजवली. 'गांधी' चित्रपटाच्या पोशाखांबद्दल १९८३ साली त्यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

परंतु २०१२ साली त्यांनी ती पुतळी अमेरिकेतील अकादमीकडे सांभाळण्यासाठी परत धाडली. आपल्यामागे ती इथे नीट राहील, असा भरवसा त्यांना वाटेना. २००४ साली शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक चोरीस गेले, हा दाखला त्यांनी दिला. २०२० साली त्या निवर्तल्या.

धातूच्या पुतळीची ही गत, मग कापडाचे काय? माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण रेशीम एकाच घडीवर राहिले की चिरते नि दमटपणाने जर काळवंडते, हे मला पेटीतल्या पैठणीने शिकवले. म्हणून तर आपण घडी मोडतो, मलमलीत गुंडाळतो. संग्रहालयातही पोशाख असाच जपावा लागतो.

पेडर रोडला २०१९ साली भारतीय चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. आपल्या जोगेश्वरीने तर कमालिस्तान स्टुडिओचे दिवस पाहिले आहेत. कोणाच्या घरी चित्रपटातला जुना पोशाख वा त्याची मापे असतील, तर बोहारणीला देण्याआधी संग्रहालयात विचारावे. भांडे पुन्हा मिळेल. ते वस्त्र मिळणार नाही.