दहा दिवसांचे बिल

शुगर लँड हे आमच्या गावाचे नाव भारतात कोणाला सांगितले की प्रतिक्रिया ठरलेली असते: "म्हणजे साखरवाडीच की!" नाव खरोखरच साखरेवरून पडले आहे. 1843 पासून या भागात उसाचे गाळप होत असे आणि विसाव्या शतकात इंपिरियल शुगर कंपनीने आपल्या कारखान्याभोवती सगळे गाव वसवले. कामगारांची घरे कंपनीची, दुकानही कंपनीचेच. गावाला स्वतःची नगरपालिका मिळाली ती 1959 मध्ये. 2003 मध्ये कारखाना थांबला. पुढे 2018 मध्ये एका शाळेच्या बांधकामाच्या जागी 95 जणांच्या कबरी सापडल्या. सरकारने उसाच्या मळ्यांवर राबायला भाड्याने दिलेल्या कृष्णवर्णीय कैद्यांच्या त्या कबरी. साखर गोड असते, पण मळा आणि कारखाना कोणाच्या मालकीचा होता हा प्रश्न काही सुटत नाही.

माझे मूळ गाव कोल्हापूर जिल्ह्यात. तिथेही ऊस आहे, पण आमच्या घरात पैसा आला तो दुधाचा. आई पहाटे म्हशीची धार काढायची आणि मी किटली घेऊन डेअरीत जायचो. गावच्या दूध संस्थेला आमच्याकडे 'डेअरी' म्हणतात. एक खोली, एक मोजमाप, फॅट तपासण्याचे यंत्र आणि एक वही. दर दहा दिवसांनी बिल मिळे. माझ्या इंजिनिअरिंगच्या वसतिगृहाची फी त्या बिलांतून गेली, आणि आज नावापुढे जी डॉक्टरेट लावतो तिचा पाया त्या किटलीत आहे.

मागच्या हिवाळ्यात गावी गेलो तेव्हा पुतण्याने विचारले, "काका, खाजगी गाडी दारात येतीया. लिटरमागं दोन रुपये जास्त देतीया. डेअरी सोडू काय?" मी लगेच उत्तर दिले नाही. उत्तर द्यायचे तर थोडा इतिहास आठवणे भाग होते. तोच आज वाचकांपुढे मांडतो.

गोष्ट मुंबईपासून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाढत्या मुंबईला दूध पुरेना, तेव्हा सरकारने आणंदहून रेल्वेने दूध आणण्याची योजना आखली आणि ते जमा करण्याचे काम पोल्सन या खाजगी कंपनीकडे सोपवले. मुंबईत दुधाला चांगला भाव होता, पण खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले थोडेच पडे. जानेवारी 1946 मध्ये समरखा गावी मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत शेतकऱ्यांची सभा झाली आणि ठरले की पोल्सनला दूध घालायचे नाही. पंधरा दिवस दूध गेले नाही आणि सरकार नमले. त्याच वर्षी 14 डिसेंबरला खेडा जिल्ह्याच्या सहकारी दूध संघाची नोंदणी झाली. तोच पुढे 'अमूल' म्हणून जगाला माहीत झाला. त्याचे नेते होते त्रिभुवनदास पटेल.

पण संपापेक्षा अवघड काम पुढेच होते. हिवाळ्यात म्हशी भरपूर दूध देतात. आमच्याकडे याला पुष्टकाळ म्हणतात. त्या दिवसांत मुंबई जादा दूध घेईना. ते कुठे ओतायचे? म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असे परदेशी तज्ज्ञांचे मत होते. 1949 मध्ये आणंदला आलेल्या वर्गीस कुरियन यांच्याबरोबर एच. एम. दलाया हे तंत्रज्ञ काम करत होते, त्यांनी ती करून दाखवली. 1955 मध्ये पावडरीचा कारखाना सुरू झाला, आणि तो शेतकऱ्यांच्या मालकीचा होता. माझ्या मते सहकारी दुधाचे सारे मर्म इथे आहे. दूध सगळ्यांना हवे असते तेव्हा गिऱ्हाईक कोणीही असते. कोणालाच नको असते त्या दिवशी ते कोण घेतो, हा खरा प्रश्न.

मुंबईने दुसरीही वाट धरली होती. दारा खुरोडी यांनी शहरातले गोठे हलवून 1949 मध्ये आरे वसाहत उभी केली. आरेच्या बाटल्या आणि पहाटेची रांग आपल्यापैकी अनेकांना अजून आठवत असेल. 1963 चे मॅगसेसे पारितोषिक त्रिभुवनदास, कुरियन आणि खुरोडी या तिघांना मिळून दिले गेले. पण एक वाट शेतकऱ्यांच्या मालकीची होती, दुसरी सरकारी. महाराष्ट्रातल्या सरकारी डेअऱ्या पुढे एकेक करून मंदावल्या. त्यातल्या माणसांनी कष्ट केले नाहीत असे नव्हे, पण दूध घालणाऱ्याचा तिथे मालक म्हणून आवाज नव्हता.

त्याच 1963 साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आपला 'गोकुळ', स्थापन झाला. आनंदराव पाटील-चुयेकर यांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. शेजारी वारणेकाठी तात्यासाहेब कोरे यांनी आधी साखर कारखाना आणि मग 1968 मध्ये दूध संघ उभा केला. 1970 मध्ये सुरू झालेल्या दूध महापूर योजनेने आणंदचा नमुना देशभर नेला: गावात संस्था, जिल्ह्यात संघ, राज्यात महासंघ.

साखर कारखान्यांनी पश्चिम महाराष्ट्र घडवला हे खरे. पण उसाला जमीन लागते, पाणी लागते आणि वर्षभर थांबण्याची ऐपत लागते. म्हशीला तेवढे लागत नाही. बांधावरची वैरण आणि थोडी पेंड एवढ्यावर भूमिहीन घरातही एक म्हैस उभी राहते. उसाचा पैसा मोठा आणि उशिरा येतो, दुधाचा लहान पण दहा दिवसांनी न चुकता. आपण इथे पंधरवड्याच्या पगारावर घराचे हप्ते आखतो ना, तसेच ते आहे. किराणा, शाळेची फी, औषध यांचा हिशोब बसतो आणि सावकाराचा उंबरा टळतो. धार काढणारी बाई असल्यामुळे या पैशावर तिचा शब्दही थोडा चालतो. माझ्या आईला हिशोब आला तो त्या बिलावरूनच.

शिवाय मोजमाप चारचौघांत होते. प्रत्येकाच्या दुधाचे फॅट तपासून त्यावर दर ठरतो. पाटलाने पाणी घातले तरी त्याचा दर उतरतो आणि मजुराच्या म्हशीचे दूध घट्ट असले तर त्याला जास्त मिळते. आमच्या गावात जातपात न पाहता सर्वांना एकाच रांगेत उभे करणारी जागा मी पहिल्यांदा पाहिली ती डेअरीत. संघाच्या नफ्यातला वाटा दिवाळीला 'दर फरक' म्हणून परत येतो. जनावरांचा डॉक्टर, रेतन, पशुखाद्य हेही संघच पुरवतो.

अमेरिकेलाही हे नवे नाही. इथल्या फ्रिजमधले लँड ओ लेक्सचे लोणी 1921 मध्ये मिनेसोटात एकत्र आलेल्या सहकारी लोणी कारखान्यांचे. पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांना एकत्र विक्रीची मुभा देणारा कायदा झाला. आणि 2024 मध्ये अमूलने इथे ताजे दूध विकायचे ठरवले तेव्हा भागीदार निवडला तोही मिशिगनच्या दूध उत्पादकांचा सहकारी संघ.

आता दुसरी बाजू. सहकार म्हणजे सगळे सोनेच असते तर पुतण्याने प्रश्न विचारला नसता. महाराष्ट्रात आज संघटित दूधसंकलनात खाजगी डेअऱ्यांचा वाटा सहकारापेक्षा मोठा आहे. 2018 मध्ये दरासाठी आंदोलन झाले. 2020 च्या टाळेबंदीत गाईच्या दुधाचे दर लिटरला वीस रुपयांच्या आसपास घसरले. राज्याच्या महासंघाची, म्हणजे 'महानंद'ची, घडी इतकी विस्कटली की 2024 मध्ये त्याचे व्यवस्थापन राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेले. संघ राजकारणाची शिडी झाला आणि सभासद नुसता दूध घालणारा उरला, की खाजगी गाडी दारात येणारच. त्यात गाडीवाल्याचा दोष नाही.

म्हणून मी पुतण्याला सांगितले, "तीन वर्षांची बिलं काढ. दर फरक, डॉक्टर, पशुखाद्य सगळं धर. मग गाडीवाल्याला विचार, पुष्टकाळात किती घेणार आणि कोणत्या दरानं." मग विचारले, "आणि संस्थेच्या वार्षिक सभेला शेवटचा कधी गेला होतास?" तो हसला. "काका, तिथं चहा पिऊन सह्या करत्यात." मी म्हटले, "मग दोन रुपये तिथंच गळतात."

हे सांगताना मलाच ओशाळल्यासारखे झाले, कारण आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेला मीही जेवणाच्या वेळेलाच पोहोचतो.

परवा त्याचा फोन आला. यंदा तो सभेला गेला, फॅटच्या यंत्राबद्दल उभा राहून प्रश्न विचारला, दोघे रागावले आणि बाकीच्यांनी ऐकून घेतले. म्हशीचे दूध तो डेअरीतच घालतो. गाईचे मात्र अजून गाडीला जाते.