रंग उतरण्यास किती वेळ लागतो?

वाशीमकडच्या शेतकऱ्याला हरभऱ्याची आंब सांगायला नको. थंडीत पहाटे पिकावरून स्वच्छ फडके फिरवावे आणि दवाबरोबर उतरलेला आंबट अंश पिळून घ्यावा, ही जुनी रीत होय. या आंबेत मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. मुंग्यांत सापडणारे फॉर्मिक आम्ल हे त्यांचेच साधे भावंड. जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १६७१ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. अशी आम्ले माणसाच्या पूर्वापार ओळखीची. परंतु त्यांच्यातील घडामोडींना वेळ किती लागतो, हा प्रश्न मात्र फार उशिरा विचारला गेला.

१८५० साली विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने आम्लाच्या पाण्यात साखरेचे रूपांतर किती वेगाने होते ते मोजले. पुढे ऑक्सफर्ड येथे हारकोर्ट आणि एसन यांनी ऑक्झॅलिक आम्ल व परमँगनेट यांच्या क्रियेला घड्याळ लावले. १९०२ साली अमेरिकेत रिचर्ड्स आणि स्टल यांनी ऑक्झॅलिक आम्लावरील ब्रोमिनच्या क्रियेचा वेग अभ्यासला. आपल्या देशात नीलरत्न धर (१८९२–१९८६) यांनी अलाहाबादेस अशा वेगांच्या संशोधनाची परंपरा उभी केली.

फॉर्मिक आम्ल आणि ब्रोमिन यांचे उदाहरण आपण घेऊ. ब्रोमिनचे पाणी पिवळसर तांबूस असते. त्यात भरपूर फॉर्मिक आम्ल घातले की रंग हळूहळू उतरतो. आम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो आणि ब्रोमिनचे रंगहीन ब्रोमाइड होते. जितक्या वेळात निम्मा ब्रोमिन संपतो, तितक्याच वेळात उरलेल्याचा निम्मा संपतो. वेग उरलेल्या ब्रोमिनच्या प्रमाणात असतो, असा याचा अर्थ.

खरी गंमत पुढेच आहे. या पाण्यात दुसरे तीव्र आम्ल मिसळले, तर क्रिया मंदावते. १९२५ साली हॅमिक, हचिसन आणि स्नेल यांनी या क्रियेचा वेग तपासला. ब्रोमिनशी मुख्यतः भिडतो तो आम्लाचा अखंड रेणू नव्हे, तर त्यातून हायड्रोजन सुटल्यावर उरणारा फॉर्मेट आयन होय. तीव्र आम्लामुळे हे आयन कमी होतात, म्हणून वेगही घटतो. कागदावरील समीकरण काय तयार होते एवढेच सांगते. ते कोणत्या वाटेने तयार होते, हे घड्याळ सांगते.

याचा आपल्या गावाशी संबंध काय, असे कोणी विचारील. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो. तिच्यातला क्लोरीन हा ब्रोमिनच्याच हॅलोजन कुळातला. पाण्यातल्या सेंद्रिय मळाचे ऑक्सिडीकरण करण्यात त्याचा काही भाग खर्ची पडतो; उरेल तो जंतूंवर चालतो, आणि त्यालाही वेळ लागतो. म्हणूनच पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे आणि क्लोरीन शिल्लक आहे की नाही ते पाहावे, असा नियम आहे. येथेही रूपाचा प्रश्न आहेच: पाणी अल्कधर्मी असेल तर क्लोरीनचे जंतुनाशक रूप कमी राहते आणि अधिक वेळ द्यावा लागतो.

पावडर पडली म्हणून पाणी निर्धोक झाले, असे मानणारे आपल्यांत थोडे नाहीत. मोहरीभर मळही आपला वाटा घेतो, आणि घाईने भरलेली घागर आजार घरी आणू शकते. वाशीम जिल्ह्यातील विहिरीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हा अर्ध्या तासाचा हिशेब ठाऊक असणे, हेच आम्हांस या इतिहासाचे मोल वाटते.