विलायती पाणी, गोटी सोडा आणि नागपुरी संत्रे

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा गावात तहान भागवण्याचे नाना प्रकार असणारच, आणि जितके प्रकार तितकी नावेही. पाणपोईला इथे 'प्याऊ' म्हणतात, उसाच्या रसाच्या दुकानाला 'रसवंती'. पुण्याचे 'सरबत' इथे बहुधा 'शरबत' होते. आम्हांला या नावांत रस वाटतो तो केवळ भाषेपुरता नाही. पेयाचे नाव तपासले की ते कशापासून बनते, कोणत्या वाटेने आले आणि त्यात कोणते रसायनशास्त्र दडले आहे, हे हळूहळू उलगडत जाते. काही नावे मात्र यातले काहीच सांगत नाहीत. हा फरक कसा पडत गेला, ते पाहू या.

नावातच कृती

आधी घरातली पेये घेऊ. 'पन्हे' हा शब्द संस्कृत 'पानक'शी जोडलेला आहे. पानकाचा उल्लेख आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे आणि दक्षिणेत रामनवमीला आजही 'पानकम्' वाटतात. 'मठ्ठा' म्हणजे मथलेले, घुसळलेले. 'आंबील' हा शब्द 'अम्ल'वरून आला, म्हणजे आंबवलेले. विदर्भात महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीच्या पिठाची आंबील लागतेच. तिचा आंबटपणा येतो तो लॅक्टिक आम्लामुळे, आणि हे आम्ल बनवणारे जिवाणू ताकात असतातच. 'शरबत' अरबीतून आला. त्या भाषेत 'शरिबा' म्हणजे पिणे. त्याच धातूपासून 'शराब' निघाला आणि युरोपात जाऊन 'सिरप'ही झाला. औषधाची बाटली, मद्याची बाटली आणि लिंबाचा पेला अशी ही सख्खी भावंडे आहेत.

ही नावे एक तर कृती सांगतात, नाही तर चव. 'आंबील' म्हटल्यावर ती करायची कशी याचा अर्धा धडा मिळून जातो.

सोडा नसलेला सोडा

आता बाहेरून आलेल्या पेयाकडे वळू. इंग्लंडमधील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टली एका मद्यनिर्मितीगृहाशेजारी राहत होता. आंबणाऱ्या द्रवावर जमणारा 'स्थिर वायू', म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, पाण्यात मिसळता येतो हे त्याने दाखवले आणि १७७२ साली त्याची कृती प्रसिद्ध केली. योहान याकोब श्वेप याने १७८३ मध्ये जिनिव्हात या पाण्याचा धंदा सुरू केला. सुरुवातीला हे पाणी औषध म्हणून विकले जाई आणि त्यात सोडियमचे क्षार घालत. त्यावरून त्याला 'सोडावॉटर' नाव पडले. पुढे क्षार बहुतेक ठिकाणी गेले, नाव राहिले. आज गाडीवर मिळणाऱ्या साध्या सोड्यात बहुधा पाणी आणि वायू एवढेच असते.

वर्गात यातून नेहमी गोंधळ होतो. धुण्याचा सोडा सोडियम कार्बोनेट, खाण्याचा सोडा सोडियम बायकार्बोनेट, आणि पिण्याच्या सोड्यात सोडियम जवळजवळ नाहीच. एका शब्दाचे हे तीन अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले, तर रसायनशास्त्राचा एक तास सहज रंगतो.

भारतात हे पेय आले ते गोऱ्या साहेबांबरोबर. इथल्या लोकांनी त्याला नाव दिले 'बिलायती पानी', म्हणजे परदेशातून आलेले पाणी. एकोणिसाव्या शतकातील अँग्लो-इंडियन शब्दांच्या प्रसिद्ध कोशात ते नोंदलेले आहे. नागपूरजवळची कामठीची छावणी १८२१ ची, आणि मुंबईहून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. छावणी, क्लब आणि रेल्वे स्टेशन या तीन ठिकाणांहून सोडावॉटर देशभर बाजारात उतरले.

गोटीची करामत

बाजारात उतरताच नाव पुन्हा बदलले. या वेळी ते पाण्याचे नव्हते, बाटलीचे होते. वायू कोंडलेल्या बाटलीचे बूच उडू नये, यासाठी हिराम कॉड या इंग्रजाने १८७२ मध्ये काचेच्या गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. बाटली उलटी धरून भरायची. वायूचा दाब गोटीला मानेतल्या रबरी कड्यावर घट्ट दाबून बसवतो. म्हणजे जो दाब बूच उडवणार, त्यालाच कॉडने बूच बसवण्याच्या कामाला लावले. पिताना गोटी आत ढकलायची. मानेला दोन खाचा असतात, त्यांत ती अडकते आणि सोडा मोकळा बाहेर येतो.

युरोपात ही बाटली लवकरच मागे पडली. आपल्याकडे मात्र टिकली. महाराष्ट्रात ती 'गोटी सोडा' झाली, तमिळनाडूत 'गोली सोडा', दिल्लीत 'बंटा'. ज्या वस्तूने लोकांना चकित केले, तिचेच नाव पेयाला मिळाले.

नागपूरच्या उन्हात या बाटलीचे भौतिकशास्त्र अधिकच जाणवते. साध्या वातावरणीय दाबाखाली एक लिटर पाण्यात ० अंशाला सुमारे ३.३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळतो, २० अंशांना १.७ ग्रॅम, आणि ४० अंशांना जेमतेम १ ग्रॅम. पाणी तापले की वायू बाहेर पडू पाहतो आणि बाटलीतला दाब वाढतो. सोड्याच्या बाटल्या बर्फात किंवा ओल्या पोत्याखाली ठेवतात, ते गारव्यासाठी तर खरेच, पण दाब ताब्यात ठेवण्यासाठीही.

नाव मोठे, फळ नाही

स्वातंत्र्यानंतर छापील नावांचा काळ आला. १९७७ साली कोका-कोला कंपनी देशाबाहेर गेली. सरकारी कंपनीने 'डबल सेव्हन' काढले, पार्लेने 'थम्स अप'. पार्लेचे 'गोल्ड स्पॉट' तर त्याआधीपासूनच घरोघरी माहीत होते. १९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि पार्लेची ही पेये तिने विकत घेतली. या नावांवरून पदार्थ कळत नाही, कृती कळत नाही, गावही कळत नाही. नारिंगी रंगाच्या पेयांच्या बुचांवर 'यात फळ नाही' अशा अर्थाचा मजकूर बारीक अक्षरांत असे. संत्र्यांच्या शहरातही लोक हौसेने नारिंगी पाणी पीत होते, आणि त्यात संत्रे नव्हते.

मग नागपूरने आपल्या संत्र्याचे पेय केलेच नाही का? केले. 'नोगा' हे नाव पुष्कळांच्या तोंडी आहे, पण ते 'नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन'ची इंग्रजी आद्याक्षरे आहेत हे थोड्यांना ठाऊक असते. बागाईतदारांच्या संघाचे हे नाव पुढे महाराष्ट्र कृषी-उद्योग विकास महामंडळाकडे आले. त्याखाली स्क्वॅश, जॅम, सॉस निघाले. १९५५ च्या फळ-उत्पादन आदेशानुसार स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के रस असणे बंधनकारक होते. त्या बाटलीत फळ होते.

तरीही निव्वळ संत्र्याचा रस बाटलीत भरणे सोपे नाही. याचे एक कारण फळातच आहे. ताजा नागपुरी रस गोड लागतो, पण काही तासांनी किंवा तापवल्यावर कडू होतो. संत्र्याच्या पेशींत एक बेचव पूर्वद्रव्य असते. फळ पिळले की ते आम्लाच्या संपर्कात येते आणि त्याचे 'लिमोनिन' या कडू पदार्थात रूपांतर होते. दहा लाख भागांत काही थोडे भाग लिमोनिन असले, तरी जिभेला ते कळते. बियांत त्याचे प्रमाण अधिक असते. कारखान्यात रंग आणि सुगंध पाण्यात मिसळणे स्वस्त पडते. या कडवटपणाशी झगडणे महाग पडते. बाटलीवर संत्रे असते आणि आत नसते, त्यामागे हाही हिशेब आहे.

वर्गासाठी

हा प्रयोग शाळेत करता येईल. दोन संत्री घ्या. एकाचा रस बिया काढून हलक्या हाताने पिळा, दुसऱ्याचा बियांसकट ठेचून. दोन्ही झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-पाच तासांनी चव घ्या.

दुसरे काम नावांचे. प्रत्येक विद्यार्थ्याने आजी-आजोबांना उन्हाळी पेयांची नावे विचारावीत: बेलाचे शरबत, अंबाडीच्या फुलांचे शरबत, आंबील आणि आणखी जी निघतील ती. नावापुढे पदार्थ, कृती आणि 'घरी शेवटचे कधी केले' हे तीन रकाने करावेत. तिसरा रकाना बहुधा सर्वांत बोलका ठरेल.

यातून एक सावधगिरीही शिकवावी. आतड्यात साखर आणि मीठ बरोबर गेले की पाणी लवकर शोषले जाते. या तत्त्वावर बेतलेल्या जलसंजीवनीने १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावण्यांत कित्येकांचे प्राण वाचवले. पन्ह्यात मीठ आणि गूळ दोन्ही असतात, म्हणून उन्हातून आल्यावर त्याने बरे वाटते. पण त्यात गोडी फार असते; जुलाब झालेल्या मुलाला ठरलेल्या प्रमाणातली जलसंजीवनीच द्यायला हवी. आणि ऊन लागून ज्याची शुद्ध हरपते आहे, त्याला काहीही पाजत न बसता अंग ओले करून गार करावे आणि तडक दवाखान्यात न्यावे.

'आंबील' हा शब्द गेला तर आंबवण्याची रीतही विसरली जाते, आणि मग पेय हवे असेल तर ते विकत आणावे लागते. यादी करायची ती यासाठी. ती करून झाली की एक दिवस त्यातले एखादे पेय मुलांकडून वर्गातच करवून घ्यावे.