ट्रामच्या वाटेने पायी

वाहतुकीच्या इतिहासाची पंचाईत अशी की त्यातली मुख्य वस्तू जागेवर थांबत नाही. इमारत उभी राहते. ट्राम निघून जाते आणि तिचे रूळ उखडले तरी जातात किंवा डांबराखाली गाडले जातात. म्हणून मुंबईतल्या वारसाफेऱ्या बोरीबंदरच्या घुमटाखालीच रेंगाळतात. घुमट जरूर पाहावा, पण त्यावरून माणसे कशी हिंडत होती ते कळत नाही. फेरीची आखणी स्थळांवरून न करता उतारूने गाडी कुठे बदलली यावरून करावी, असे माझे मत आहे.

बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली. पण गाडीतून उतरलेल्याला शहरात शिरायला बैलगाडी, घोडागाडी किंवा स्वतःचे पाय एवढेच होते. ही उणीव भरून निघायला एकवीस वर्षे लागली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली ती दोन मार्गांवर: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणी. दोन्ही मार्ग पायधुणीलाच का मिळावेत? कुलाब्याला तेव्हा कापसाचा बाजार होता आणि पायधुणीच्या अवतीभवती व्यापारी वस्ती. कंपनीने रूळ टाकले ते या दोहोंच्या मध्ये. कुलाबा-पायधुणी भाडे तीन आणे. रोज तेवढे मोजणारा हमाल नसणार, पेढीवरचा माणूस असणार. हा अर्थात माझा तर्क.

घोडा हे इंजिन आहे असे धरले की रस्ता वेगळा दिसू लागतो. या इंजिनाला तबेला हवा, वैरण हवी, वाटेत पाणी हवे. फोर्टात आणि बाजारपेठेत दगडी प्याऊ दिसतात, त्यांतून माणसांबरोबर जनावरांचीही तहान भागे. त्यांच्याकडे निव्वळ दानधर्म म्हणून पाहणे अपुरे आहे. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली आणि तबेल्याचे काम वीजघराकडे गेले.

फेरीत सहसा निसटते ती गोष्ट पुढची. १५ जुलै १९२६ ला पहिली बस धावली ती कुलाब्यातले अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे ट्रामच्या सर्वांत जुन्या वाटेवरच, आणि तीही ट्राम चालवणाऱ्या कंपनीचीच! ट्रामचा प्रतिस्पर्धी असा घरातच वाढला. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली. त्या टोकाचे नाव मात्र अजून चालते: दादर टीटी, म्हणजे ट्राम टर्मिनस. तिथे उतरणाऱ्या कितीकांना ते ठाऊक नसते.

फेरी रविवारी सकाळी लवकर काढा. इतर दिवशी पायधुणीच्या वाटेवर हातगाड्या गटाला दहा पावलेही एकत्र चालू देत नाहीत.