उपवास आणि त्याग, ख्रिस्ती

ठरावीक काळ अन्न, किंवा अन्नातले काही पदार्थ, सोडण्याची ख्रिस्ती साधना. प्रार्थना आणि दानधर्म तिच्यासोबत येतात. त्या तिघांची फारकत झाली की उपवासाचा जीव जातो. ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस हा तिचा मुख्य काळ. त्याला मराठीत उपवासकाळ, प्रायश्चित्तकाळ किंवा सरळ लेंट म्हणतात.

येशूने सेवाकार्य आरंभण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, असे शुभवर्तमाने सांगतात. त्याने शिष्यांना उपवासाची तपशीलवार नियमावली मात्र दिली नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात त्याचे सांगणे एवढेच आहे, की उपवासाचे प्रदर्शन नको. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना पत्ता लागू देऊ नका. त्याच्याही कित्येक शतके आधी यशया संदेष्ट्याने उपवासाच्या दिवशीच मजुरांना राबवून घेणाऱ्यांना फटकारले होते. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा आणि बेघराला आसरा देणे, हा त्याच्या मते देवाला हवा असलेला उपवास. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायाइतकी कठोर तपासणी उपवासाची पुढेही क्वचितच झाली.

ख्रिस्ती श्रद्धेनुसार पापक्षालनाचा यज्ञ वधस्तंभावर एकदाच आणि कायमचा झाला. त्यामुळे उपाशी राहून देवाची कृपा विकत घेता येत नाही. माणसाकडे मागितला जातो तो जगण्यातला त्याग: पौल रोमकरांना स्वतःची शरीरे जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करायला सांगतो, तर इब्री लोकांस पत्र परोपकार आणि वाटून घेणे यांनाच यज्ञाची जागा देते. अशा त्यागाचे एक टोकाचे उदाहरण: 1941 मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत एका कैद्याच्या पलायनाची शिक्षा म्हणून दहा जणांना उपाशी मारायचे ठरले. त्यांतल्या एकाने बायकामुलांच्या आठवणीने टाहो फोडला, तेव्हा पोलिश फ्रान्सिस्कन धर्मगुरू मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी त्याच्या जागी स्वतःला पुढे केले. सुमारे दोन आठवडे उपाशी ठेवूनही ते जिवंत राहिले, म्हणून 14 ऑगस्टला विषारी इंजेक्शन देऊन त्यांना ठार करण्यात आले. ज्याचा जीव वाचला तो फ्रान्सिशेक गायोवनिचेक 1982 मध्ये त्यांच्या संतपदाच्या सोहळ्याला हजर होता.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत उपवासाचे वार बुधवार आणि शुक्रवार होते. ‘दिदाखे’ या प्राचीन नियमग्रंथात तसे नोंदलेले आहे. दुसऱ्या शतकातल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात तर हिशोबच मांडला आहे. उपवासाच्या दिवशी भाकरी आणि पाण्यावर राहायचे, एरवी जेवणाला किती खर्च आला असता ते मोजायचे आणि तेवढी रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यायची. त्याच शतकातला अथेन्सचा अरिस्तीदेस सांगतो, की गरिबाला द्यायला शिल्लक नसेल तर ख्रिस्ती लोक दोन-तीन दिवस स्वतः उपाशी राहून त्याच्या अन्नाची सोय करतात. पोट रिकामे ठेवून वाचलेला घास कोणाच्या ताटात गेला, या प्रश्नाचे उत्तर इथे अगदी रोकडे आहे.

चाळीस दिवसांची प्रथा सावकाश रुळली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कोणी एक दिवस, कोणी दोन, तर कोणी चाळीस तास उपवास करी. 325 च्या निकिया परिषदेच्या नियमांत मात्र चाळीस दिवसांचा उल्लेख येतो. पश्चिमी परंपरेत राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत 46 दिवस भरतात; त्यांतले सहा रविवार वगळायचे. त्या बुधवारी कपाळाला लावायची राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते.

मध्ययुगीन युरोपात मांसाबरोबर दूध, लोणी, अंडीही वर्ज्य होती आणि पैसे भरून सूटही मिळे. फ्रान्समधल्या रूआं कॅथेड्रलचा एक मनोरा लोणी खाण्याच्या अशा परवानग्यांच्या पैशांतून उभा राहिला, म्हणून त्याला आजही ‘लोण्याचा मनोरा’ म्हणतात. गरिबाच्या वाट्याचा पैसा दगडात गेला, हे त्या व्यवस्थेचे मोठे अपयश. 1522 च्या उपवासकाळात झुरिकचा मुद्रक क्रिस्टोफ फ्रोशाउअर याच्या घरी मुद्दाम सॉसेज खाल्ले गेले. तिथे हजर असलेल्या धर्मसुधारक उलरिख झ्विंग्लीने स्वतः ते खाल्ले नाही, पण अन्नाबाबतच्या ख्रिस्ती स्वातंत्र्यावर प्रवचन देऊन खाणाऱ्यांची बाजू घेतली. तरी प्रॉटेस्टंटांनी उपवास टाकून दिला असे नव्हे: मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली बुधवार-शुक्रवारच्या जुन्या उपवासाचा पुरस्कर्ता होता.

पूर्वेकडे शिस्त कडक राहिली. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत सामान्य श्रद्धावंतांसाठीही वर्षाकाठी सुमारे 180 दिवस उपवासाचे, आणि ईस्टरपूर्वीचा मोठा उपवास 55 दिवसांचा. मांस, दूध, अंडी बंद. अनेक जण दुपारपर्यंत काहीही तोंडात घालत नाहीत. नंतर तेफ धान्याचा आंबवलेला इंजेरा आणि त्यावर पिठल्याच्या जवळ जाणारा शिरो किंवा मसुराची आमटी.

कॅथलिकांसाठी पोप सहावे पॉल यांनी 1966 मध्ये नियम सैल केले. आता सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी असून, 1983 च्या धर्मसंहितेनुसार तो अठराव्या वर्षापासून साठाव्या वर्षाच्या आरंभापर्यंत बंधनकारक आहे. गोव्यात राखेच्या बुधवारआधी इंत्रूज, म्हणजे कार्निव्हल, गाजतो. पुढे उपवासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा येथे संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. वसईच्या कॅथलिक गावांत या दिवसांत लग्ने शक्यतो काढत नाहीत आणि शुक्रवारी क्रूसाच्या वाटेची भक्ती होते.

विसाव्या शतकात हर्मासचा हिशोब संस्थांच्या रूपाने परत आला. जर्मन बिशपांनी 1958 मध्ये स्थापलेल्या मिझेरेओरचा पाया उपवासकाळातल्या वर्गणीवर आहे. 1975 मध्ये अमेरिकेतल्या ॲलनटाउनला सुरू झालेल्या ‘राइस बाउल’ उपक्रमात जेवणातून वाचवलेले पैसे घरच्या कागदी डब्यात पडू लागले. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन घरांत तर उपवासकाळाचीही वाट पाहिली जात नाही. स्वयंपाकाला बसण्यापूर्वी बाई मूठभर तांदूळ बाजूला काढते, मंडळीतल्या बायका तो घरोघर जाऊन गोळा करतात आणि विकून आलेला पैसा मंडळीच्या कार्याला जातो. ‘बुहफाई थाम’ नावाची ही रीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आली आहे.